सुपारी फुटण्याआधी

कळव्याच्या त्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, सकाळी साडेसातला थप थप थप असा आवाज सुरू झाला की गंगुबाई सगळ्यात आधी खिडकी लावून घेत. मग गॅलरीचं दार ओढत. मग टीव्हीवरच्या महाराजांचा आवाज वाढवत. एवढं झालं की घरातलं बाहेर जात नाही अशी त्यांची खात्री पटे आणि त्या चहाचं आधण ठेवायला वळत. एप्रिल महिना, बंद खिडकी, त्यात पेटलेला गॅस. माणूस नुसता उकडून निघे. पण उकडणं परवडलं, शेजारणीचे प्रश्न नकोत, असं त्यांचं म्हणणं.

आवाज सान्वीच्या पाठीचा होता. सान्वी त्यांची नात. वय पाच, पण अंगापिंडानं तीनचीच वाटावी अशी. तिची आई मृणाल तिला मांडीवर पालथी घालायची आणि तळहाताची वाटी करून पाठीवर, बरगड्यांवर, कुशीवर थापटत राहायची. छातीत साठलेला घट्ट, चिकट कफ सुटावा म्हणून. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं. पोर कधी रडायची नाही. उजवी बाजू झाली की आपणहून डावीवर वळायची.

"आत्या, खिडकी उघडा ना जरा. तिला दम लागतोय," मृणाल म्हणाली.

"थांब गं पाच मिन्टं. समोरची हौसाबाई कपडे वाळत घालतेय. तिची वहिनी आपल्या गावची. इथं आपण खोकलो की तिकडं चावडीवर ऐकू जातं."

मृणाल सासूला आत्या म्हणते, कारण गंगुबाई तिची सख्खी आत्या. गंगुबाईंचा मुलगा सर्वेश आणि गंगुबाईंच्या धाकट्या भावाची, विठ्ठलची, मुलगी मृणाल यांचं लग्न पाळण्यातच ठरल्यासारखं होतं. खुद्द गंगुबाईही आपल्या आत्याच्याच घरी सून म्हणून आल्या होत्या. आणि आता त्यांची मुलगी कृतिका विठ्ठलच्या मुलाला, आनंदला, द्यायची होती. याला साटंलोटं म्हणतात. तुमची मुलगी आमच्याकडे, आमची तुमच्याकडे. नात्यातली सून जाच झाला तरी बाहेर बोलत नाही, आणि घरचं ते घरातच राहतं, हे या रिवाजाचं मोठं कौतुक. घरचं ते घरातच राहतं हे खरंच आहे. पण त्यात काय काय राहतं, याचा विचार करायला या घराण्यात तीन पिढ्यांत कुणाला फुरसत झाली नव्हती.

मेच्या दुसऱ्या रविवारी कल्याणला विठ्ठलच्या घरी सुपारी फुटायची होती. तोवर सान्वीला दमा आहे, एवढंच सगळ्या पाहुण्यांना सांगायचं, अशी गंगुबाईंची घरात सक्त ताकीद होती. खऱ्या आजाराचं नाव लिहिलेली फाइल त्यांनी कपाटात लुगड्यांच्या खाली ठेवली होती.

ते नाव त्यांना उच्चारता येत नसे. सिस्टिक फायब्रोसिस. माजिवड्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सान्वीच्या हातावरचा घाम गोळा करून तपासला होता आणि नाव सांगितलं होतं. गेल्या महिन्यात मृणालसोबत गंगुबाई स्वतः तिथे गेल्या. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण बोलायला शांत.

"हा आजार जन्मापासून असतो," त्या म्हणाल्या. "अंगातले सगळे पाझर घट्ट होतात. कफ घट्ट, पोटातले रसही घट्ट, म्हणून जेवलेलं अंगी लागत नाही. आणि घामावाटे मीठ निघून जातं."

"हिच्या आईकडून आलं असणार," गंगुबाई चटकन बोलल्या. भावाची मुलगी असली तरी सून ती सूनच.

"नाही आजी. एकट्या आईकडून हा आजार येत नाही. एक दोष आईकडून, एक बापाकडून, असे दोन यावे लागतात. एकच असेल तर माणूस ठणठणीत असतो, त्याला पत्ताही नसतो. तुमच्या नात्यात नात्यातच लग्नं होतात का?"

गंगुबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

मृणालने हळूच विचारलं, "मॅडम, ही बरी होईल का?"

"आजच्या घडीला मुळापासून बरी होणार नाही, खोटं कशाला सांगू. पण पूर्वी ही मुलं फार जगत नसत. आज परदेशात अशा गोळ्या निघाल्यात की त्या पेशीतला तो बिघाडच बऱ्यापैकी सुधारतात. तिथली कितीतरी मुलं आता कॉलेजला जातात, लग्नं करतात. इथे सगळ्यांपर्यंत त्या अजून पोचलेल्या नाहीत. पण पोचतील. शिवाय प्रत्येक दोषावर त्या चालत नाहीत, त्यामुळे हिचा दोष नेमका कुठला ते रक्तातून शोधायला हवं. तुम्हा सगळ्यांचं रक्त द्या. आणि तोवर आपलं काम एकच. औषध येईल तेव्हा घ्यायला ही पोरगी आणि हिची फुप्फुसं शिल्लक असली पाहिजेत."

मृणालचे डोळे भरून आले. पोर झाल्यापासून पाच वर्षांत तिच्याशी पोरीच्या उद्याबद्दल असं कुणी बोललंच नव्हतं.

उठता उठता डॉक्टरबाईंनी बजावलं, "उन्हाळा आहे. रोज मीठ-साखरेचं पाणी, जेवणात वरून मीठ. पापड, लोणचं मागेल तेवढं द्या. हिला मीठ म्हणजे औषध."

परतीच्या रिक्षात मृणाल म्हणाली, "आत्या, रक्त पुढच्या आठवड्यात देऊया का सगळे?"

"लग्न होऊ दे कृतिकाचं. मग काय ते बघू."

"त्यात महिने जातील हो."

"आणि आधी बोभाटा झाला तर? ह्यांच्या घराण्यात रक्तच नासकं म्हणतील लोक. कृतिकाला कोण करील? तुझ्या भावाला कोण देईल? तुला माहेर राहील का?"

माहेर आणि सासर एकच असलेल्या बाईला रागानं निघून जायला जागा नसते.

गंगुबाई दुष्ट होत्या असं कुणी समजू नये. नातीवर त्यांचा जीव होता. तिला जवळ घेऊन गालाचा मुका घेतला की ओठांना खारट लागे आणि त्यांच्या काळजाचा ठोका चुकत असे. कारण ही चव त्यांना नवी नव्हती. सर्वेशच्या आधी, गावाकडे, त्यांना एक मुलगा झाला होता. गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा. भूक राक्षसासारखी, पण पोट फुगलेलं आणि हातपाय काटक्या. तोही खारट होता. दहाव्या महिन्यात खोकून खोकून गेला. सासूनं, म्हणजे त्यांच्या आत्यानं, एवढंच म्हटलं, "खारी पोरं टिकत न्हाईत बाई. बोलू नगं कुठं." त्या कुठं बोलल्या नाहीत. मुंबईच्या बाजूला येऊन चाळीस वर्षं झाली, नवरा सहदेव वारला, तरी त्या बाळाचं नाव त्यांनी सर्वेशपुढेसुद्धा काढलं नव्हतं. विठ्ठलचंही मृणालच्या आधीचं एक मूल असंच गेलं. तेव्हाही दोघं भाऊबहीण एकमेकांकडे बघून गप्प बसले होते. गप्प बसणं या घरात संस्कारासारखं पुढे देत.

आणि या प्रेमातून, या भीतीतून गंगुबाईंच्या हातून ती चूक घडली.

मृणाल दहा वाजता माजिवड्याच्या मॉलमध्ये, कपड्यांच्या दुकानात कामाला जायची. सर्वेश कुरिअर कंपनीच्या गाडीवर. कृतिका ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका वकिलाकडे टायपिंगला. दिवसभर सान्वी आजीजवळ. मृणाल जाताना मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली भरून ठेवी. आणि ती जिना उतरली की गंगुबाई ते पाणी मोरीत ओतून देत आणि बाटलीत साखरेचं पाणी भरत.

त्यांचं गणित सरळ होतं. त्यांना स्वतःला रक्तदाब. नाक्यावरचे डॉक्टर दर महिन्याला ओरडत, आजी, मीठ बंद करा, मीठ माणसाला मारतं. मग ज्या पोरीच्या अंगातून मीठ पाझरतंय, तिच्या आत ते किती झालं असेल? भांडं भरून वाहायला लागलं की वरून आणखी ओततात का? शिकलेल्या डॉक्टरणीचं काहीतरी चुकतंय, पण आपण डोळे उघडे ठेवून पोरीला मारायचं का? त्यांनी सान्वीचा वरणभात अळणी करायला सुरुवात केली. हळूहळू सगळं मीठ निघून जाईल, मुका गोड लागेल आणि फाइल लुगड्यांखालून रद्दीत जाईल, अशी त्यांची भाबडी आशा होती.

पोर मीठ शोधू लागली. एकदा लोणच्याच्या बरणीत बोट घालून चाटताना सापडली, तेव्हा हातावर फटका बसला. एकदा पापड लाटायला आलेल्या शेजारणीच्या परातीतला कच्चा गोळाच तिने तोंडात कोंबला. एका दुपारी गंगुबाई डुलकी काढून उठल्या तर सान्वी ओट्यापाशी स्टूल लावून मिठाच्या डब्याचं झाकण उघडायची खटपट करत होती.

"आज्जी, थोडंसंच दे ना. एवढुसं."

"नाही म्हटलं ना बाळा! विष असतं ते तुला."

डबा वरच्या फळीवर गेला. मेच्या पहिल्या आठवड्यात सान्वी खेळायचं सोडून फरशीवर गाल टेकून पडून राहू लागली. उन्हाचं असंच होतं, गंगुबाई म्हणाल्या. संध्याकाळी मृणालनं विचारलं, पाणी प्यायली का सगळं? बाटली रिकामी होती. गंगुबाई म्हणाल्या, प्यायली. यात तसं खोटं काहीच नव्हतं.

रविवारी दुपारी कल्याणला विठ्ठलच्या दोन खोल्यांत तीस माणसं कोंबलेली होती. पंखे नुसतेच फिरत होते. मधोमध पाटावर तांब्या, नारळ, ताटात सुपाऱ्या आणि हळदकुंकू. गावाहून आलेले वडीलधारे भिंतीला टेकून बसले होते. कृतिका आतल्या खोलीत नवी साडी नेसून घामाघूम बसली होती. ती मृणालला म्हणाली, "वहिनी, मला भीती वाटते गं. सान्वीसारखं झालं तर?" मृणालने तिचा हात धरला.

सान्वीला जरीचं परकर-पोलकं घातलं होतं. तिचं कपाळ ओलं होतं आणि सुकलेल्या घामाची पांढरी रेघ कानापाशी चमकत होती. पंगतीत तिने पापडाकडे हात नेला. गंगुबाईंनी तो उचलून शेजारच्या ताटात टाकला. पोरीने मान खाली घातली. मग ती ओकली. मग भिंतीशी आडवी झाली.

"झोपली बिचारी, गर्दीनं दमली," कुणीतरी म्हणालं.

विठ्ठलने सुपारी हातात घेतली तेवढ्यात सान्वीचे हातपाय आखडले. डोळे वर गेले. जबडा घट्ट मिटला आणि सगळं अंग थडथड उडू लागलं. मृणालची किंकाळी जिन्यापर्यंत गेली. आनंद, नवरदेव, पाटावरून उठला, पोरीला छातीशी धरून चार मजले धावत उतरला आणि समोर आलेल्या पहिल्या रिक्षात बसला.

जवळच्या रुग्णालयात तिला थेट अतिदक्षता विभागात नेलं. अर्ध्या तासाने तिथले डॉक्टर बाहेर आले. "अंगातलं मीठ भयंकर खाली गेलंय, त्यामुळे झटका आला. तुम्ही आजाराचं नाव सांगितलंत, म्हणजे तुम्हाला माहीत होतं ना? मग मीठ देत नव्हता?"

"देत होते हो! रोज बाटली भरून देत होते," मृणाल रडत म्हणाली. "रोज!"

गंगुबाई भिंतीला धरून उभ्या होत्या. त्या खाली बसल्या.

"मी ओतून देत होते," त्या म्हणाल्या. "अळणी घालत होते. मीच."

सर्वेशने आईकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. मृणाल त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. ओरडेल, हात उगारेल असं वाटलं. पण ती फक्त म्हणाली, "आत्या, मला एकदा विचारायचं तरी होतं," आणि विभागाच्या काचेपाशी गेली. गंगुबाईंना मार परवडला असता.

थोड्या वेळाने विठ्ठल आला. कपाळावर कुंकू तसंच होतं. बहिणीला बाजूला घेऊन तो हलक्या आवाजात बोलू लागला.

"अक्का, आता डॉक्टर बघतायत ना. पाहुणे खोळंबलेत. चारपर्यंत सुपारी फोडून घेऊ. मी सांगितलंय, उन्हानं चक्कर आली. त्या रोगाचा शब्द कुणी काढू नका. पोटातलं पोटातच ठेवा."

एवढी वर्षं गंगुबाई हेच वाक्य बोलत आल्या होत्या. दुसऱ्याच्या तोंडून ते पहिल्यांदाच ऐकलं.

"सुपारी फुटणार न्हाई, इठ्ठल."

"काय बोलतेस?"

"माझा पयला गेला तेव्हा मी पोटात ठेवलं. तुझा थोरला गेला तेव्हा तू ठेवलंस. तू मला तेव्हा सांगितलं असतंस, मी तुला सांगितलं असतं, तर सर्वेश-मृणालला आपण एकमेकांच्या गळ्यात बांधलं नसतं. आज मी नातीच्या तोंडचं मीठ काढून घेतलं. कशापायी? तर कुणाला कळू नये म्हणून. आता कृतिकाच्या पोटचं पण द्यायचं?"

"हळू बोल."

"न्हाई बोलणार हळू. आधी तुझं रक्त दे, आनंदचं दे, आमच्या सगळ्यांचं घेऊ दे. डॉक्टरणीला कळू दे काय ते. पण हे लग्न मी लावणार न्हाई. भावाच्या घरात लेक द्यायची चाल माझ्यापाशी संपली."

विठ्ठलचा चेहरा काळवंडला. "साटं मोडलंस तर माझी लेकपण तुझ्या घरात राहणार नाही. चल गं मृणाल, उठ."

मृणालने काचेवरून नजर काढली नाही. "बाबा, माझी पोर आत आहे. मी कुठं येऊ?"

"आनंद, तू तरी सांग हिला."

आनंदच्या नव्या शर्टवर सान्वीच्या ओकारीचा डाग होता. "बाबा, बस करा ना यार आता. कृतिकाला मी लहानपणापासून ओळखतो. तिला असं काचेबाहेर उभं नाय करणार मी. माझं रक्त घ्या, मी देतो."

कृतिका रडत होती, पण तिने होकाराची मान हलवली. विठ्ठल कुणाकडेही न बघता निघून गेला. त्याने रक्त दिलं नाही, आणि त्या दिवसापासून बहिणीला फोनही केला नाही.

सान्वी तेरा दिवसांनी घरी आली. वाचली, असं सगळे म्हणाले. पण त्या तेरा दिवसांत छातीत एक चिवट संसर्ग शिरला होता आणि डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग पहिल्यासारखा भरणार नाही, असं माजिवड्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. जिना चढताना ती आता मधे दोनदा बसते. रक्ताचा निकालही आला. तिचा दोष अशा जातीचा निघाला की त्या नव्या गोळ्या लागू पडण्याची बरीच आशा आहे. कधी मिळतील, ते डॉक्टरबाई सांगू शकल्या नाहीत. आनंदमध्ये आणि कृतिकामध्ये, दोघांतही, तो एकेक दोष होता.

हा निकाल ऐकून गंगुबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांनी फोन हातात घेतला आणि कृतिकाला म्हणाल्या, "नात्यातले सगळे नंबर मला एकाखाली एक लावून दे."

पहिल्या चार घरांनी वेड लागलं म्हटलं. पाचवा फोन गावाकडे, शांताबाईंना. शांताबाई सहदेवरावांच्या चुलत बहीण. त्यांच्या नातीचं लग्न शुक्रवारी होतं, मामाच्याच मुलाशी. गंगुबाईंनी सगळं सांगितलं. आपलं खारट बाळ, सान्वी, अळणी वरणभात, काही झाकलं नाही. "आधी दोघांचं रक्त बघा. तोवर थांबवा," त्या म्हणाल्या.

"स्वतःची नात मारायला निघालीस आन् माझ्या दारात अपशकुन करतेस व्हय?" शांताबाईंनी फोन आपटला.

गंगुबाईंनी फोन मांडीवर ठेवला. ते वाक्य खोटं नव्हतं. सान्वी आत खोकत होती आणि मृणाल तिच्या पाठीवर थापटत होती.

वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलीचा आवाज, दबलेला.

"आजी, मी शांताबाईंची नात. लग्न माझंच आहे. मी टाकीमागं उभी आहे, पटकन बोलते. माझ्या धाकट्या भावाला सहा महिने टीबीच्या गोळ्या चालू आहेत. काही फरक नाही. तुम्ही सांगितलं ते सगळं त्याला होतंय. त्याला कुठं आणायचं?"

गंगुबाईंनी माजिवड्याचा पत्ता सांगितला. दोनदा सांगितला.

"आणि आजी... मी नको म्हटलं तर इथं माझं कुणी ऐकणार नाही."

मागून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारत होतं. गंगुबाई उठल्या, एका हाताने पिशवीत लुगडं कोंबू लागल्या.

"मी दुपारच्या एसटीत बसते," त्या म्हणाल्या. "मी येईपर्यंत हळद लावून घेऊ नकोस."